सत्तावीस मुलांची सहल

जर्मनीत मूल शाळेत जायला लागलं की आई-बाबांच्या कानावर दोन शब्द हमखास पडतात, 'वांडरटाग' आणि 'क्लासेनफार्ट'. पहिला म्हणजे वर्गाची दिवसभराची पायी सहल आणि दुसरा म्हणजे चार-पाच दिवसांची मुक्कामाची सहल. मग दप्तरातून एक कागद घरी येतो. त्यावर मुलाला कसली ॲलर्जी आहे ते लिहायचं, पोहता येतं का ते लिहायचं, दोघांनी सह्या करायच्या. खाली कपड्यांची लांबलचक यादी. आपल्या लहानपणी पाऊस आला की सहल रद्द व्हायची. इथे पाऊस आला की माचहोझं चढवून सहल निघते! "वाईट हवा असं काही नसतंच, चुकीचे कपडे असतात" हे वाक्य ऐकलं नाही असा जर्मनीतला मराठी पालक शोधून सापडायचा नाही.

वाक्य छान आहे, मलाही आवडतं. मुलं त्यामुळे काटक होतात यात शंका नाही. पण ह्याच देशात, आपल्यापैकी बरेच जण रोपवेनं सहज जाऊन येतात त्या एका डोंगरावर, शाळकरी मुलांची एक सहल अशी फसली की तिचा उल्लेख आजही त्या भागात गंभीर आवाजात होतो. ती गोष्ट आपल्या मराठी मंडळींना फारशी ठाऊक नाही, म्हणून हा लेख.

त्याआधी थोडं मागे जाऊ या. आपण सुट्टीत मुलांना घेऊन ज्या युगेंडहेअरबेर्गमध्ये, म्हणजे युथ हॉस्टेलमध्ये, उतरतो, त्यांचा जन्मच मुळी एका फसलेल्या सहलीतून झालेला आहे. रिशार्ड शिरमान नावाचे एक शिक्षक आल्टेना ह्या गावात शिकवत. वर्गाच्या चार भिंतींपेक्षा रानावनात मुलं जास्त शिकतात असं त्यांचं ठाम मत. ऑगस्ट १९०९ मध्ये ते मुलांना घेऊन आठ दिवसांच्या पदयात्रेला निघाले. २६ ऑगस्टला ब्र्योल नदीच्या खोऱ्यात त्यांना भयंकर वादळानं गाठलं. मास्तरांनी पुढे जायचा हट्ट धरला नाही, आसरा शोधला. सुट्टीमुळे रिकाम्या असलेल्या एका गावातल्या शाळेत मुलांना झोपायला जागा मिळाली. बाहेर विजा कडाडत होत्या, मुलं गाढ झोपली होती आणि मास्तर जागे होते. सुट्टीत सगळ्याच शाळा अशा रिकाम्या असतात, मग भटकणाऱ्या मुलांसाठी त्या का उघडू नयेत, असा विचार त्या रात्री त्यांच्या डोक्यात आला. त्यातूनच १९१२ साली आल्टेनाच्या किल्ल्यात जगातलं पहिलं कायमचं युथ हॉस्टेल सुरू झालं आणि पुढे ही चळवळ जगभर पसरली.

म्हणजे सहल फसणं हे काही आक्रीत नाही. हवा बिघडते, रस्ता चुकतो, मुलं दमतात. बिघडल्यावर बरोबरचा मोठा माणूस काय करतो, ह्यावर पुढचं सगळं अवलंबून असतं. हे मनात ठेवा आणि आता माझ्याबरोबर १९३६ सालात या.

१७ एप्रिल १९३६, शुक्रवार. ईस्टर नुकताच होऊन गेला होता. लंडनच्या स्ट्रँड स्कूलची २७ मुलं फ्रायबुर्गच्या युथ हॉस्टेलमधून सकाळी नऊच्या सुमारास बाहेर पडली. वयं १२ ते १७. बरोबर मोठा माणूस एकच, केनेथ कीस्ट नावाचे शिक्षक. त्यांचं वयही फक्त २७. ब्लॅक फॉरेस्टमध्ये काही दिवस भटकायचं, एका हॉस्टेलमधून दुसऱ्या हॉस्टेलमध्ये मुक्काम हलवायचा असा बेत होता. त्या दिवशी शाउइन्सलांड डोंगर ओलांडून पलीकडे टोटनाउबेर्गला पोचायचं होतं. अंतर साधारण वीस किलोमीटर. पण फ्रायबुर्ग समुद्रसपाटीपासून पावणेतीनशे मीटरवर आणि शाउइन्सलांडचा माथा १२८४ मीटरवर, म्हणजे हजार मीटरची चढण. सिंहगडाच्या पायथ्यापासून माथ्यापर्यंत जेवढं चढतो त्याच्यापेक्षा बरंच जास्त.

खाली शहरात वसंत आला होता, पण हवामानाचा अंदाज बर्फाचा होता आणि सकाळपासून हिमवर्षाव सुरूही झाला होता. मुलांच्या अंगावर साधे सहलीचे कपडे, कितीतरी जण अर्ध्या चड्डीत, डोक्याला टोपी नाही, पायात रोजचे बूट. शिक्षकांजवळ होता तो नकाशा ढोबळ, डोंगरातल्या पाऊलवाटा शोधायला फारसा कामाचा नाही. मी धंद्यानं सॉफ्टवेअरवाला, त्यामुळे मला लगेच आमच्या प्रोजेक्टची भाषा सुचते. २७ मुलांची सगळी सुरक्षितता एका माणसाच्या निर्णयावर टांगलेली. आमच्याकडे ह्याला 'सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर' म्हणतात, आणि असं डिझाइन कोणी दाखवलं तर रिव्ह्यूमध्येच नापास होतं.

वाटेत जंगलात सांक्ट व्हालेंटिन नावाचं एक गास्टहाउस लागलं. तिथे त्यांनी रस्ता विचारला. मालकीणबाईंनी सांगितलं की वर बर्फ साचलंय, पाट्या आणि वाटा दिसणार नाहीत, जाऊ नका. मंडळी पुढे निघाली. दुपारी काप्पेलच्या खोऱ्यात स्थानिक माणसं भेटली, त्यात डोंगरावरून खाली येणारा एक पोस्टमनही होता. ज्याचा रोजचा रस्ता तोच, अशा माणसानं सांगितलं की मागे फिरा. तरी मंडळी पुढेच गेली.

का बरं गेले असतील? ह्या प्रश्नावर मी बराच विचार केला. कीस्ट काही दुष्ट माणूस नव्हता. मुक्कामाची जागा ठरलेली, बेत ठरलेला. मागे फिरायचं तर दिवसभर चाललेलं सगळं फुकट जाणार, दमलेल्या मुलांना पुन्हा तेवढंच चालवायचं. शिवाय दर वेळी असं वाटत राहतं की आता थोडंच तर उरलंय. आमच्याकडे गो-लाइव्हची तारीख जवळ आली की शहाणीसुरती माणसं अशीच वागतात. म्हणून चांगल्या प्रोजेक्टमध्ये 'रोलबॅक' केव्हा करायचा हे आधीच शांतपणे लिहून ठेवतात, कारण ऐन वेळी कोणालाच मागे फिरवत नाही. ह्या सहलीत तसं काही ठरलेलं नव्हतं. आणि मुलांच्या हातात तर काहीच नव्हतं. बारा वर्षांचा मुलगा सरांना "सर, परत जाऊ या" असं कसं म्हणणार? तेही त्या काळच्या इंग्लिश शाळेतला!

पुढची चढण म्हणजे काप्लर वांड. 'वांड' म्हणजे भिंत, नावातच सगळं आलं. गुडघाभर आणि काही ठिकाणी त्याहून खोल बर्फ, समोरून वारा, आणि धुक्यात चार पावलांवरचं दिसेना. माथ्यावर पोचता पोचता मुलं कोसळायला लागली. पहिल्यांदा पडलेल्यांत जॅक ईटन होता, वय वर्षं १४, शाळेतला बॉक्सिंगचा चॅम्पियन. म्हणजे बघा, नाजूक मुलं आधी पडतील असा हिशोब इथे चालत नाही. ओल्या कपड्यांवर वारा लागला की शरीराची ऊब झपाट्यानं जाते आणि मूल जितकं किडकिडीत आणि दमलेलं तितकी ती लवकर जाते. आज त्याला हायपोथर्मिया म्हणतात. त्यात माणूस आधी अडखळतो, मग त्याला झोप यायला लागते, मग विचार थांबतो. हे कळायला डॉक्टर असावं लागत नाही, पण शेजारी लक्ष ठेवणारं मोठं माणूस मात्र लागतं.

अंधार पडला. आणि त्या वेळी खालच्या होफ्सग्रुंड ह्या लहानशा गावातल्या चर्चची संध्याकाळची घंटा वाजली. डोळ्यांना काही दिसत नव्हतं, पण कानांना दिशा मिळाली. थोडी ताकद उरलेली मुलं त्या आवाजाच्या रोखानं उतरत निघाली. रात्री आठच्या सुमारास, म्हणजे निघाल्यापासून अकरा तासांनी, त्यातली दोन मुलं गावाच्या कडेच्या एका शेतकऱ्याच्या दारात पोचली. तिघा-चौघांची गोष्ट नाही, अजून कितीतरी जण वर बर्फात आहेत हे गावकऱ्यांना कळलं आणि अख्खं गाव उठलं. कंदील घेऊन, स्की चढवून, लाकडं वाहायच्या घसरगाड्या ओढत माणसं त्याच वादळात वर गेली. एकेका मुलाला शोधून खाली आणलं, चुलीजवळ नेलं, चोळून ऊब दिली. शेवटची मुलं मध्यरात्रीच्या थोडं आधी सापडली. एकूण पाच मुलं गेली. सगळ्यात लहान होता तो १२ वर्षांचा. बाकीची २२ मुलं जगली ती त्या शेतकऱ्यांमुळे आणि त्या घंटेमुळे. त्यांच्यातल्या कोणाला इंग्लिश येत असेल असं मला वाटत नाही.

इथपर्यंतची हकिकत दुःखाची आहे. ह्यापुढची मात्र मनाला जास्त टोचते.

साल लक्षात घ्या. ७ मार्च १९३६ ला हिटलरनं करार मोडून ऱ्हाइनलांडमध्ये सैन्य घुसवलं होतं. ह्या गोष्टीला सहा आठवडेही झाले नव्हते. ऑगस्टमध्ये बर्लिनला ऑलिंपिक भरायचं होतं. जगाला, विशेषतः ब्रिटनला, आपला सोज्ज्वळ चेहरा दाखवायची नाझींना घाई होती आणि तशी संधी आयतीच चालून आली. शवपेट्यांभोवती हिटलर युगेंडच्या पोरांचा खडा पहारा लागला. फुलांची चक्रं, झेंडे, फोटो. 'ब्रिटिश मुलांच्या दुःखात जर्मन तरुणाई सहभागी' असा देखावा उभा राहिला. ब्रिटनलाही त्या दिवसांत जर्मनीला दुखवायचं नव्हतं. तिकडच्या वर्तमानपत्रांत तर शिक्षक कीस्ट हेच मुलांना वाचवणारे वीर ठरले. एप्रिलमध्ये अचानक आलेलं वादळ, निसर्गाचा कोप, कोणाचा काय दोष? दोन्ही देशांना सोयीची अशी ही कथा होती. चौकशा झाल्या आणि कीस्ट यांच्यावर कुठेच ठपका आला नाही.

हे एका माणसाला पटलं नाही. जॅक ईटनचे वडील. त्यांचंही नाव जॅकच. मुलगा सहलीला म्हणून गेला आणि पेटीतून परत आला, तर नेमकं काय झालं हे मला कळलं पाहिजे, इतकंच त्यांचं मागणं. ते स्वतः ब्लॅक फॉरेस्टमध्ये आले, एकदा नाही, पुन्हा पुन्हा आले. त्या रस्त्यानं फिरले, माणसांना भेटले. गास्टहाउसमध्ये आणि वाटेवर दिलेल्या इशाऱ्यांची गोष्ट त्यांना समजली. मुलाच्या आठवणीसाठी त्यांनी तिथे स्वतंत्र स्मारक उभारलं. ऐन वेळी शिक्षक कमी पडले असा मजकूर त्यावर असावा अशी त्यांची इच्छा होती, पण तो कोरायला परवानगी मिळाली नाही.

परवानगी मिळाली ती दुसऱ्याच दगडाला. १९३८ साली होफ्सग्रुंडच्या वरच्या अंगाला हिटलर युगेंडच्या नावानं एक भलंमोठं स्मारक उभं राहिलं. त्यावर पाचही मुलांची नावं आहेत आणि अॅडॉल्फ हिटलरची तरुणाई ह्या इंग्लिश खेळाडू मित्रांना मानवंदना देते अशा अर्थाचा मजकूर आहे. वर्षभरात ह्याच तरुणाईला त्याच इंग्लिश तरुणांवर गोळ्या झाडायला पाठवलं गेलं. युद्धानंतर त्यावरचं स्वस्तिकाचं चिन्ह काढून टाकलं. स्मारक अजून आहे आणि लोक त्याला 'एंग्लेंडरडेंकमाल' म्हणजे इंग्रजांचं स्मारक म्हणतात.

आम्ही काही वर्षांपूर्वी उन्हाळ्यात तिथे गेलो होतो. १९३० पासून चालू असलेल्या रोपवेनं वर गेलो, म्हणजे १९३६ साली सुद्धा तो होता बरं का. वरून चालत होफ्सग्रुंडकडे उतरलो. हिरवीगार कुरणं, गाईंच्या गळ्यातल्या घंटा, स्वच्छ ऊन. इथे कोणी थंडीनं मरू शकेल हे पटतच नाही. स्मारकावरचा मजकूर मी सावकाश लावून लावून वाचला. ज्या गावकऱ्यांनी रात्री बर्फात जाऊन मुलं आणली त्यांचा त्यात उल्लेख सापडला नाही. बायको म्हणाली, "ह्यांनी फक्त दगड लावला, आणि ज्यांनी पोरं आणली ते राहिले बाजूला." आमची कन्या तोवर गाईंना गवत देण्यात गर्क होती.

खरी हकिकत कित्येक वर्षं गावातल्या म्हाताऱ्यांच्या आठवणीत आणि सरकारी दप्तरांत पडून होती. फ्रायबुर्गचे अभ्यासक बेर्न्ड हाइनम्युलर यांनी ती चिकाटीनं कागदपत्रांतून बाहेर काढली. २०१६ साली, घटनेला ८० वर्षं झाली तेव्हा, ब्रिटनच्या वर्तमानपत्रांतही ती नव्यानं छापून आली.

आणखी एक गोष्ट सांगतो, मग पुरे. शिरमान मास्तर आठवतात ना? त्यांची हॉस्टेलं नाझींनी १९३३ मध्येच हिटलर युगेंडच्या ताब्यात दिली होती आणि १९३६ मध्ये, म्हणजे ह्याच वर्षी, त्यांना आंतरराष्ट्रीय युथ हॉस्टेल संघटनेचं अध्यक्षपद सोडायला लावलं. वादळ आलं की आसरा शोधायचा, हे ज्यानं करून दाखवलं तो माणूस बाजूला सारला गेला. आणि चूक कुठे झाली हे ज्या अपघातातून शिकायचं, त्या अपघाताचा सोहळा झाला.

ह्याची किंमत कोणी मोजली? थेट संबंध मी जोडणार नाही. पण १५ एप्रिल १९५४ ला, पुन्हा ईस्टरच्याच सुमाराला, हाइलब्रोनच्या एका शाळेची १० मुलं आणि ३ शिक्षक ऑस्ट्रियातल्या डाखश्टाइन डोंगरावर पायी निघाले. हवा बिघडत होती. तिथल्या माणसांनी सांगितलं, जाऊ नका. ते गेले. तेराच्या तेरा जण बर्फात गेले. शेकडो माणसं शोध घेत होती, तरी शेवटचे दोघे सापडायला मे महिना संपत आला. स्टुटगार्टच्या बाजूला राहणाऱ्या मंडळींना हाइलब्रोन म्हणजे शेजारचं गाव. १८ वर्षांचं अंतर, देश वेगळा, शिक्षक वेगळे, पण गोष्ट जवळजवळ तीच.

आपल्याकडेही हे काही नवीन नाही. १ फेब्रुवारी २०१६ ला पुण्याच्या कॉलेजची सहल मुरुडच्या समुद्रावर गेली आणि १४ मुलं बुडाली. ३० जून २०२४ ला लोणावळ्याला भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात पाणी अचानक वाढलं आणि पुण्याहून सहलीला आलेल्या एकाच कुटुंबातली एक बाई आणि चार मुलं वाहून गेली. पहिले दोन-तीन दिवस व्हिडिओ फिरतात, मग बंदीचे बोर्ड लागतात, पुढच्या पावसाळ्यात पुन्हा गर्दी.

सह्याद्रीत भटकणाऱ्या जुन्या मंडळींची एक चांगली पद्धत होती. नवख्या वाटेला गावातला वाटाड्या घ्यायचा आणि तो 'नाही' म्हणाला तर गपचूप त्याच्या ओसरीवर मुक्काम करायचा. वाटाड्या शिकलेला असो नसो, त्या डोंगराबाबत तो आपला साहेब. होफ्सग्रुंडचा पोस्टमन असाच वाटाड्या होता. फुकट भेटला होता, आपणहून सांगत होता.

आता आपल्यापुरतं. क्लासेनफार्टच्या कागदावर सही करताना घाबरून जायचं काही कारण नाही. आज जर्मन शाळांत 'आउफझिश्ट्सफ्लिश्ट', म्हणजे मुलांवर लक्ष ठेवायची जबाबदारी, हा शब्द शिक्षक झोपेतही म्हणतील. तरी एल्टर्नआबेंडला दोन प्रश्न विचारायला लाजू नये. बरोबर मोठी माणसं किती, आणि हवा बिघडली तर काय करायचं ठरलंय? आपलं जर्मन मोडकंतोडकं असलं म्हणून काय झालं, प्रश्न सरळ आहेत. आपण स्वतः पोरांना घेऊन आल्प्समध्ये जातो तेव्हा तर हे जास्तच लागू. चार कुटुंबं, थर्मासमध्ये चहा, डब्यात ठेपले, आणि पार्किंगमध्येच साडेअकरा वाजलेले! निघतानाच ठरवून टाकावं की अमुक वाजले की जिथे असू तिथून परत. हवामान खात्याचा इशारा बघावा, रोपवेची शेवटची फेरी बघावी, मुलांचे कोरडे कपडे वेगळ्या पिशवीत घ्यावेत, आणि ११२ हा नंबर मुलांनाही पाठ असावा. हॉटेलवाली आजी मान हलवून "नाइन" म्हणाली तर हसून कॉफी मागवावी आणि तिथेच बसावं.

आणि मुलांना एक मुद्दाम सांगून ठेवावं. थंडी वाजत असेल, भीती वाटत असेल, तर मोठ्यांना स्पष्ट सांगायचं, सर असोत नाहीतर बाबा. त्या २७ मुलांत असं बोलायची मुभा कोणाला नव्हती.

कधी फ्रायबुर्गकडे गेलात तर होफ्सग्रुंडच्या चर्चपाशी थोडा वेळ थांबा. वरचं मोठं स्मारक पाहिलंत तरी चालेल, पण हे गाव आधी पाहा. सगळ्यांना दिवाळीच्या शुभेच्छा आणि हेर्बस्टफेरिएनच्या सहलींना सुखरूप प्रवास!